तुमच्या भावाची जीभ

तलवाडा, ता. गेवराई
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आक्कांच्या पायी सुंदरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी 'कावून' म्हणून कारण विचारते अन् तुमी 'कांदे' ऐकता, म्हणून कागद घेतला. कानाचं मशीन पेटीत ठेवून गुण येत न्हाई, हे डॉक्टरांनी तुमाला सांगितलं असंलच.

तुमच्या भावाची तक्रार हाय. पोस्टातून रिटायर झाले तवा वाटलं, आता माणूस घरी निवांत दोन घास खाईल. तर महाशिवरात्रीचा तो ताप उतरल्यापासून ह्यांनी नवंच खूळ काढलंय. सकाळी सायकल काढायची अन् कुठं काय वेगळं शिजतंय ते हुडकत फिरायचं. तीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळं हरेक घर ओळखीचं. सोमवारी चकलांब्याला तरोट्याची भाजी. बुधवारी हुलग्याचं माडगं. परवा उंबराची फळं खाऊन आले. आतले किडे बघितले का म्हणून विचारलं, तर नुसते हसले.

गावातल्या बाया मला विचारतात, पोस्टमनभाऊंना घरी भाकर मिळत न्हाई का? शेजारच्या तात्याबांच्या बायकोनं तर तोंडावर सांगितलं की भाऊजींनी माझ्या कारळाच्या चटणीची लई तारीफ केली. अन् माझ्या ताटावर बसले की मान खाली. मीठ बरोबर हाय का विचारलं की 'हं'. येसर आमटीवर जीव टाकणारा माणूस अर्धी वाटी तशीच ठेवून उठतो. एकतीस वर्षांत असा अपमान झाला न्हाई माझा.

तुमी थोरल्या, तुमचं ऐकतात. खडसावून लिहा.

माया पातळ होऊ देऊ नका, एवढंच मागणं.
तुमची,
सुंदर


तेलगाव
१९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सुंदर हिला सरस्वतीबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन कानात घातलं की सुनांची भांडणं ऐकू येतात, त्यापरीस ते पेटीतच बरं. कापूस बरा हाय, उसाला पाणी पुरतंय.

शहादेव नागपंचमीच्या आधी इकडं पण येऊन गेला. ठेचा कर म्हणाला, लई झणझणीत. माझ्या लेकाच्या डोळ्यांतून धार लागली अन् हा गप खात बसला. लहानपणापासून चोखंदळच हाय तो, आमच्या आईला रडवायचा. मी त्याला येगळं पत्र लिहिलंय, त्यात चांगलं झापलंय.

पण एक सांगते, राग धरू नको. माणसाला तेच तेच खाऊन कंटाळा येतो. तू पण जरा हात बदलून बघ.

तुझं ध्यान आमच्यावर राहू दे.
तुझी,
आक्का


तलवाडा
२ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास शहादेवचा दंडवत.

तुझं पत्र वाचलं. घरातलं सोडून लोकांची उष्टी कावून काढतोस, असं तू विचारलंस. उत्तर देतो, पण तुझ्यापाशीच राहू दे.

त्या तापात माझी चव गेली. वास बी गेला. भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा अन् आमटी म्हणजे कोमट पाणी. पहिल्यांदा वाटलं येईल आठवड्यात. गेवराईच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवलं. ते म्हणाले, येईल किंवा येणार बी न्हाई. म्हणून हिंडतोय. कडू, आंबट, तुरट, रानातलं, जे कधी खाल्लं न्हाई ते. वाटतं, एखादी तरी चीज जिभेपतोर पोचंल. तुझा ठेचा बी पोचला न्हाई, नुसतं तोंड पोळलं.

दुसऱ्याच्या घरी 'छान झालंय' म्हणून उठता येतं. सुंदर समोर बसून तोंडाकडं बघती. तिच्यापुढं खोटं बोलवत न्हाई अन् खरं सांगवत न्हाई. आपल्या हातचं ह्याला मातीसारखं लागतं, हे तिला कळलं तर ती चुलीपुढं कशी बसंल?

तिला कळू देऊ नकोस. तुला माझी आण हाय.

तुझा,
शहादेव


तलवाडा
३ ऑक्टोबर २०२४

आक्कांना नमस्कार. खुशाली विचारायला आज मन न्हाई, ती समजून घ्या.

रविवारी हे तात्याबांच्या शेतात गेलते. कापसात वाळकाचे वेल हायेत. तात्याबांनी एक वाळूक काकडीवाणी चिरून अर्धं ह्यांना दिलं. पहिल्याच घासाला तात्याबा थुंकले अन् म्हणाले, कडूजहर हाय, टाका. ह्यांनी आपलं अर्धं खाल्लं, त्यांचं अर्धं बी खाल्लं, वर म्हणाले, न्हाई हो, गोड हाय.

तासाभरात ओकाऱ्या, जुलाब, अंग गार. जीपमध्ये घालून गेवराईला नेलं. दोन दिवस सलाईन. डॉक्टर मलाच रागावले, म्हणाले असल्या वाळकानं माणूस दगावतो, एवढं कडू खाऊ कसं दिलंत?

तात्याबा म्हणाले, वहिनी, पोस्टमन लई भिडस्त, माझं मन राखायला खाल्लं. मला पटंना. मन राखायला माणूस एक फोड खाईल, अख्खं वाळूक कशाला? म्हणून नर्सबाईंनी दिलेली गोळी मी कुटली, पाण्यात कालवली अन् सरबत म्हणून ह्यांच्या हातात दिली. सगळी प्याले. म्हणाले, बरं झालंय.

मी म्हणलं, ही कडू गोळी होती, आता खरं सांगा.

मग सगळं बाहेर पडलं, तुमचं नाव बी. महिनाभर तुमाला ठाऊक होतं! अन् मी तुमचं ऐकून हात बदलत बसले. चिंच वाढवली, गूळ घातला, येसर दोनदा भाजलं. सात महिने मी माझ्याच हाताला शिव्या देतीय. तुमाला एक ओळ लिहाया काय झालं होतं?

लोभाचं तुमीच ठरवा.
सुंदर


तेलगाव
१० ऑक्टोबर २०२४

सुंदर, तुला आशीर्वाद अन् माफी, दोन्ही.

त्यानं आण घातली होती. पण खरं कारण ते न्हाई. कान गेले तवा मी बी वरीसभर कुणाला सांगितलं न्हाई. लोक हसले की हसायचं, मान डोलावली की डोलवायची. घरच्यांना वाटायचं, सासूबाईंना गर्व चढला, हाकेला ओ देत न्हाईत. शहादेवचं पत्र वाचलं तवा वाटलं, ह्याला अजून चार दिवस लपू द्यावं. ते माझं चुकलं. ह्यात तो गेला असता तर तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?

शिव्या द्यायच्या तर दे, मी मशीन घालून ऐकीन.

रुसवा निवला की चार ओळी धाड.
आक्का


तलवाडा
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप आक्कांना सुंदरचा मनापासून नमस्कार. वि. वि.

रुसवा कवाच गेला. पण तुमच्या भावापुढं मी हात टेकलेत.

चव अजून आली न्हाई. आता मी जेवायला आधी बसायचं, पहिला घास मी खायचा अन् कसा लागला ते ह्यांना सांगायचं, असा ह्यांचा कायदा. एकतीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढं गार खाल्लेली बाई मी. पहिल्याच दिवशी तोंड भाजलं. बरं, 'चांगलं झालंय' म्हणलं तर चिडतात. चांगलं म्हणजे काय? आंबट किती? तिखट जिभेला लागतं का घशाला? मी काय परीक्षेला बसलेय? सातवी शिकलेल्या बाईनं एवढे शब्द आणायचे कुठून? तरी आणते. ते डोळे मिटून ऐकतात अन् वाटी पुसून खातात.

त्यांचं हिंडणं सुटलं न्हाई, फक्त आता मला बी सायकलीवर मागं बसवतात. ह्या वयात! बाया तोंडाला पदर लावून हसतात.

काल भल्या पहाटे हरभऱ्याच्या रानात नेलं. आंब कधी खाल्लीस का, म्हणून विचारलं. मी नुसती ऐकलेली. तात्याबांनी सांजच्याला हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवलं होतं. दवानं अन् पाल्याच्या आंबटानं ते चिंब झालं होतं, ती आंब वाटीत पिळली. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

आक्का, काय सांगू! डोळे गच्च मिटले, कान हलले, खांदे वर आले, पदर कवा तोंडात गेला ते कळलं न्हाई. हे समोर उभे. मी हात वर करून थांबा म्हणलं, आंबटाला शब्द जुळवत होते, तर हे हसायलाच लागले. फागणापासून असे हसले नव्हते. बांधावर बसून, पोट धरून. तात्याबांना वाटलं काय झालं ह्यांना!

मी लई चिडले. म्हणलं, मला सांगू तर द्या. तर डोळे पुसत म्हणाले, राहू दे सुंदर, काही सांगू नको, कळलं मला.

आमच्या वाटची माया तुमच्यापाशी जपून ठेवा, न्यायला येतोच.
तुमची,
सुंदर