खोकला धुराचाच आहे

३ एप्रिल
आजपासून फायर स्टेशनचा सेफ्टी इन-चार्ज मी. साथ संपेपर्यंत बावीस माणसांपैकी एकाच्याही केसाला धक्का लागू देणार नाही. भिंतीवर नियम लावले: मास्क, अंतर, ताप असेल त्याने घरी बसायचं. अक्षर सुरेख आलंय.

५ एप्रिल
ड्रायव्हरकाकांचा मास्क नाकाखाली. सगळ्यांसमोर झापलं. बंबावर तीस वर्षं झालीत त्यांना, त्यात शुगर, रिटायरमेंटला चार महिने. ही सगळी धडपड अशांसाठीच. मान खाली घालून सॉरी म्हणाले. वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

८ एप्रिल
तिसऱ्या मजल्यावरून एका आजोबांना स्ट्रेचरवर उतरवलं. ताप, धाप. पोरांना पूर्ण किट घालायला लावलं. मला फक्त मास्क, तोही वायरलेसवर बोलताना हनुवटीवर. ऑर्डर स्पष्ट ऐकू जायला नको?

१२ एप्रिल, सकाळी
काल गोडाऊनला आग. आज खोकला. धुराचाच. एवढ्या नोकरीनंतर धुराचा खोकला ओळखता येत नसेल तर काय उपयोग!

१२ एप्रिल, संध्याकाळी
बायको म्हणाली, टेस्ट करून घ्या. तिला समजावलं, गोडाऊन पुठ्ठ्याचं होतं. तिने माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

१३ एप्रिल
जरा कणकण. नियमाने घरी बसायला हवं. पण नियम लावणाराच घरी बसला तर ते पाळून कोण घेणार? दोन कॉल झाले. दोन्ही वेळा काकांच्या शेजारी. त्यांनी विचारलं, काच खाली करू का? मला थंडी वाजत होती. नको म्हटलं.

१४ एप्रिल
भाजी अगदीच सपक. बायकोला म्हटलं, मीठ विसरलीस. तिने आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं. टेस्ट उद्या करतो. उद्या नको, उद्या ट्रेनिंग आहे. अंतर का राखावं यावर मला बोलायचंय.

१७ एप्रिल
काका ड्युटीवर आले नाहीत. ताप. कुणाकडून घेऊन आले? कडक चौकशी सुरू केली. संशय कँटीनवाल्यावर.

१९ एप्रिल
बायकोने हात धरून टेस्टला नेलं. पॉझिटिव्ह. काका हॉस्पिटलमध्ये, तेही पॉझिटिव्ह. माझा खोकला बारा तारखेचा, त्यांचा ताप सतराचा. तारखा दोनदा मांडून पाहिल्या. कँटीनवाल्याचं नाव खोडलं.

२२ एप्रिल, दुपारी
काका ऑक्सिजनवर. तरी स्वतःच फोन केला. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, पुन्हा दोन शब्द. म्हणाले, साहेब, माफ करा, मी शेजारी बसायचो, माझ्यामुळे तुम्हाला झालं. तीन दिवस मनाला लागलंय म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. म्हणालो, होतं असं कधीकधी, काका. मनाला लावून घेऊ नका.

त्यांनी थँक्यू म्हटलं.