गोदामातलं कुणाचं काय

सोमवार, ३ मार्च

ठरलं! दिवाळखोरीचा अर्ज करायचा. वकिलाची वेळ मिळाली – पुढच्या शुक्रवारी, अकरा वाजता. फोन ठेवला आणि कडकडून भूक लागली. कित्येक महिन्यांनी.

वकिलाच्या ऑफिसातल्या बाईंनी कागदांची यादी सांगितली. बँकेचे उतारे, कराचे कागद, कर्जाचे करार, गोदामाच्या भाड्याच्या पावत्या, आणि माझ्या मालकीच्या प्रत्येक वस्तूची नोंद. "काही लपवलंत आणि मागून सापडलं, तर अर्ज फेटाळतात. मग ही कर्जं जन्मभर पाठीशी." म्हटलं, बाई, लपवण्याजोगं काही असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता? हसल्या.

लोक म्हणतील, साउंडवाल्याचा आवाज बसला. म्हणू देत. इतकी वर्षं लोकांची भाषणं आणि गाणी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवली, माझी ही बातमीही पोचेल.

मंगळवार, ४ मार्च

बँकेत गेलो. एलईडी स्क्रीनसाठी कर्ज देताना ज्या साहेबांनी उठून मला खुर्ची दिली होती, ते आज कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले. मीच खुर्ची ओढून घेतली. उतारे हातात पडेपर्यंत हललो नाही.

ती स्क्रीन! भिंतीएवढी. मी घेतली आणि वर्षभरात सगळ्या हॉलवाल्यांनी स्वतःच्याच बसवल्या. आता भाड्याने कोण नेणार? तिने मला बुडवलं, आणि मी आपला तिला फडक्याने पुसत बसलोय.

गुरुवार, ६ मार्च

वस्तूंची यादी करायला गोदामात गेलो आणि घोडं अडलं. अर्धा माल माझा नाहीच! खांबाचा आहे.

खांब म्हणजे माझा दोस्त – माझ्याहून हातभर उंच, शिडीशिवाय दिवे लावणारा. आमच्या धंद्याची रीतच अशी. मला दिवे कमी पडले की त्याचे आणायचे, त्याला स्पीकर कमी पडले की त्याने माझे न्यायचे. काम आटोपलं की ज्याचं गोदाम जवळ, तिथे सगळं उतरवायचं. लिहून कोण ठेवतो? माझ्या मालाला लाल चिकटपट्टी, त्याच्या मालाला पिवळी. संपलं. कधी 'तुझं-माझं' झालं नाही.

पण कोर्टाला पट्ट्यांचे रंग कोण समजावणार? माझ्या गोदामात दिसलं ते माझंच धरतील. माझ्या कर्जापायी त्याचे दिवे लिलावात जायचे! आणि माझा मिक्सर? तो त्याच्याकडे पडलाय, गेल्या मोसमापासून.

शुक्रवार, ७ मार्च

बाईंना फोन. विचारलं, मिक्सर ठेवता येईल का? "स्वयंपाकघरातलं सामान यादीत नका हो घालू!" मी हसून बेजार. मग समजावलं – सगळे माइक जिथे येऊन मिळतात ते बटणांचं भलंमोठं यंत्र. माझं पोट त्यावर आहे. स्पीकर काय, कुणीही देईल. हात बसलेला मिक्सर मिळत नाही.

बाई म्हणाल्या, पोटापाण्याचं एखादं अवजार ठेवू देतात. पण ते यादीत हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. शिवाय दोस्ताचं काय तुमच्याकडे, तुमचं काय त्याच्याकडे, हे दोघांच्या सहीनिशी लिहून आणा.

एवढंच ना! स्क्रीन जाऊ दे, टेम्पो जाऊ दे. मिक्सर राहिला की मी पुन्हा उभा!

शनिवार, ८ मार्च

खांबाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, यादीत कशाला घालतोस? राहू दे माझ्याकडे. कुणाला कळणार आहे? सगळं निवळलं की घेऊन जा."

इथे खोटं कशाला लिहू – मोह झाला. नुसता मिक्सर का, चांगले स्पीकरही त्याच्याकडेच आहेत. संध्याकाळभर मनातल्या मनात नवा धंदा उभा करून झाला. पाटीसुद्धा रंगवली!

रविवार, ९ मार्च

बायकोला सांगितलं. भांडी विसळत होती, नळ बंद केला. "अहो, म्हणजे दारावर कुणी आलं की पुन्हा दचकणार तुम्ही. मला नको ते घर परत." थोड्या वेळाने – "आणि खांबभावजींच्या गळ्यात का अडकवायचं ते?"

पटलं. हिच्यापुढे मी वकिली करू शकत नाही, आणि करूही नये. मिक्सर यादीत गेला, अगदी वरती. स्पीकरही.

मंगळवार, ११ मार्च

खांब टाळतोय! काल म्हणाला, किल्ली बायकोकडे, बायको माहेरी. आज म्हणतो, कुलूप गंजलंय. कुलूप गंजलं की अक्कल? "तू नको येऊस, मीच आणून देतो, नको येऊस" – पुन्हा पुन्हा तेच.

मनात नको ते आलं. विकला असेल का? 'राहू दे माझ्याकडे' म्हणाला ते याचसाठी? तसं असेल तर खैर नाही त्याची. बायको म्हणते, आधी बघून या, मग भांडा. मला आधी भांडायचंय.

बुधवार, १२ मार्च

बाकी कागद झाले. फाइल अशी जमलीय की वकीलच मला नोकरीला ठेवील! राहिली एक सही आणि एक मिक्सर. उद्या न सांगता जाणार.

गुरुवार, १३ मार्च

खांब गोदामाच्या दारात स्टुलावर बसला होता. दार सताड उघडं. मला पाहून उठला नाही.

आत गेलो. गोदाम रिकामं. त्याचे दिवे नाहीत, दिव्यांचे स्टँड नाहीत, वायरीचं एक वेटोळं नाही. मधोमध माझा मिक्सर, चादर पांघरलेला. शेजारी माझे स्पीकर, सगळेच्या सगळे, पुसून ठेवलेले.

"माझं होतं ते विकलं," तो म्हणाला. "वर्षभर तेच चाललंय. तुझ्याकडे आहेत तेवढेच दिवे उरलेत."

बोलला का नाहीस, म्हटलं. "तूच बुडत होतास. तुला काय सांगायचं?"

मला स्वतःची लाज वाटली. सरळ लिहितो – फार वाटली. तिथेच स्टुलावर कागद ठेवून लिहिलं, कुणाचं काय. दोघांनी सह्या केल्या. मग म्हणाला, "त्या बाईंनी कागद कुठले कुठले सांगितले रे?"

बाईंना फोन लावला. उद्या अकराला दोघं आलो तर चालेल का? चालेल म्हणाल्या. एक खुर्ची जास्त ठेवते.