तीनशे हॉर्सपॉवर आणि पुण्याची हवा

आई,

तुला गाड्या कधीच आवडल्या नाहीत, तुला इंजिनं आवडायची. हा फरक मला तिशीच्या आसपास कळला, तोही पुण्यात नाही, इथे परदेशात वेरिबीत, माझ्या घरासमोरच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की आपली आई कारखान्यात जाते, संध्याकाळी तिच्या साडीला डिझेलचा वास येतो आणि ती घरातसुद्धा जरा मोठ्यानेच बोलते. नवीन इंजिन बांधून झालं की ते टेस्ट बेडवर चढवायचं, तासन्‌तास चालवायचं आणि त्याची ताकद खरोखर किती भरते ते सांगायचं, हे तुझं काम होतं. ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. घरात तुझ्या कामाचा पुरावा एकच होता, तुझ्यासमोर ‘खूप’ हा शब्द चालायचा नाही. खूप भूक लागली म्हटलं की किती पोळ्यांची ते विचारायचीस. गणितात ऐंशी मिळाले म्हणून मी नाचत घरी आले, तर कणीक तिंबताना मान वर न करता तू म्हणालीस, “कितीपैकी?” दीडशेपैकी होते. त्या दिवशी मी तुझ्याशी अबोला धरला आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी तू माझ्याकडे आलीस. नव्वदच्या दशकातली वेरिबी म्हणजे काय, हे आता इथे आलेल्या मराठी मंडळींना सांगून पटत नाही. आज ज्या शेजारच्या ट्रुगानिनात गणपतीला आरतीसाठी उभं राहायला जागा मिळत नाही, तिथे तेव्हा नुसतं वाळलं गवत होतं. हळद संपली तर अर्धं शहर ओलांडून जावं लागे. मी हॉस्पिटलच्या शिफ्टला निघून जायची आणि तू हॉलच्या खिडकीपाशी बसून असायचीस. रस्त्यावर माणूस चालताना दिसायचा नाही. तुझी एकच तक्रार होती, इथे भात गिच्च होतो. मी म्हणायची तांदूळ वेगळा आहे, तू म्हणायचीस पाणी मोजून घातलंय. त्यावर आपलं रोज बिनसायचं आणि खरं सांगते, मला त्यात बरं वाटायचं, कारण बाकी कशावर तू बोलतच नव्हतीस.

समोरचा म्हातारा आपल्या झाडाची लिंबं कुंपणावर ठेवून जायचा. तुझ्या शिस्तीत फुकटचं घेणं बसत नव्हतं, म्हणून एका रविवारी तू शंकरपाळ्यांचं ताट घेऊन निघालीस आणि इंग्रजीला आधार म्हणून मला सोबत घेतलंस. गॅरेजमध्ये त्याच्या क्लबातले चार-पाच मित्र बिअर घेऊन जमले होते. मधोमध ती पिवळी गाडी, बॉनेट वर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, आठ सिलिंडरची, मागे घरच्या गाडीसारखी साधी बाकं, आणि पुढे एखादा ट्रक ओढेल एवढं इंजिन. त्यांचा वाद चालू होता, आणि पुढे मला कळलं की हा वाद या देशात पंचवीस वर्षं चालूच होता. कंपनीच्या पुस्तकात या इंजिनाची ताकद तीनशे हॉर्सपॉवर लिहिली होती. एक गट म्हणे कंपनीने मुद्दाम कमी लिहिली, विमेवाले आणि शर्यतवाले बिथरू नयेत म्हणून, खरी ताकद पावणेचारशे. दुसरा गट म्हणे छे, तीनशे हीच जाहिरातबाजी. आवाज चढलेले, बाह्या सावरलेल्या. आपल्याकडे दोन पक्षांचे लोक चहाच्या टपरीवर भांडतात तसंच, फक्त टपरी नव्हती. म्हाताऱ्याने तुला पाहून ‘ये, लव्ह’ म्हटलं, इथे कुणाही बाईला म्हणतात तसं. तू आठ्या घातल्यास, ताट ठेवलंस, इंजिनाकडे पाहिलंस आणि तुझ्या खणखणीत पुणेरी इंग्रजीत विचारलंस, तीनशे मोजले कुठे?

कुणाला प्रश्नच कळला नाही. मग तू समजावलंस, आणि आई, मी माझ्या आयुष्यात तुला पहिल्यांदा काही समजावताना पाहिलं. तू सांगितलंस की त्या काळी इंजिन नागडं करून मोजायचे. पंखा काढून, बॅटरी भरणारं डबडं काढून, सायलेन्सर नाही, हवेची गाळणी नाही. बाळाचं वजन कपडे काढून करावं तसं. तेच इंजिन गाडीत बसवलं की हे सगळं त्याच्या गळ्यात पडतं, पुढे गिअर आणि आस त्यांचा हिस्सा कापून घेतात, आणि चाकापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. तेव्हा तीनशेही खरे आणि रस्त्यावर त्याचे दोनशेच मिळतील हेही खरं. भांडण आकड्याचं नाहीच, जागेचं आहे. एकाने हळूच विचारलं, मग पावणेचारशे? तू म्हणालीस, शक्य नाही.

म्हाताऱ्याने बॉनेट खाली केलं. नंतर चहाला आपल्याकडे आला तेव्हा त्याने सांगितलं की गाडी त्याच्या धाकट्या भावाची. पावणेचारशेचा आकडाही त्याचाच. भाऊ जन्मभर थापा मारत जगला, नोकऱ्यांबद्दल, बायकांबद्दल, आईच्या औषधांबद्दलही. आदल्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये तो शेवटचं एवढंच म्हणाला होता, की हे इंजिन मी कधी उघडलं नाही, कारखान्यातून आलं तसंच तुला देतोय. क्लबातले सगळे हसत होते. त्याच्यासारख्या माणसाने अशा गाडीला हात लावला नाही, कोण मानेल? म्हाताऱ्याला गाडी विकायची नव्हती, शर्यतीत न्यायची नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की भावाचं एक वाक्य तरी खरं निघावं. कपाकडे बघत त्याने तुला विचारलं, “तुला कळेल का, लव्ह?” आणि ‘लव्ह’वर न रागावता तू म्हणालीस, “मोजलं तर कळेल.”

पुढचा आठवडाभर तू खिडकीपाशी बसली नाहीस. डायनिंग टेबलावर कागद पसरून तू आकडेमोड केलीस, आणि इंजिन जसं आलं तसंच असेल तर त्याची ताकद कशी चढेल आणि कशी उतरेल, त्याची एक रेघ हाताने काढलीस. चाकावर मिळायला हवेत दोनशेच्या जरासे आत, असं तू शनिवारी सकाळी डायनोवर जायला गाडीत बसताना सांगितलंस. साडी, पायात माझे बूट, वर बाबांचं जाकीट.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रूळ. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची, की यंत्र चाकावरची ताकद मोजतं. वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले होते. तू इंजिनाला हात लावून तो कपाळाला लावलास, कारखान्यात पहिल्यांदा इंजिन सुरू करताना करत असशील तसा. मग म्हाताऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आई, तो आवाज मी विसरू शकत नाही. पत्रे थरथरायला लागले, माझ्या छातीतली हवा हलली, मी दोन्ही कान घट्ट दाबून मागे सरकले आणि क्लबातले पुरुषही सरकले. तू सरकली नाहीस. कान न झाकता, डोळे अर्धे मिटून, मान किंचित कलती करून तू ऐकत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी घरात पाहिलं नव्हतं, देवळातही नाही. मला एकदम जाणवलं की मी शाळेत असताना रोज तू अशी उभी असायचीस, आणि मग घरी येऊन पोळ्या लाटायचीस. मी तुला आई म्हणून ओळखत होते, पण त्या शेडमध्ये उभी होती ती बाई मला माहीतच नव्हती.

यंत्राने आकडा दिला, दोनशे बारा. पावणेचारशेवाले हिरमुसले. म्हातारा तुझ्याकडे बघत होता. तू छापील कागद दोनदा पाहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस की चार-सहाचा फरक मी सोडून दिला असता, एवढा नाही. हे इंजिन कुणीतरी उघडलं आहे. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली, ‘नो वरीज’ म्हणाला, आणि पट्ट्या सोडायला वाकला. परतताना मी तुला म्हटलं, जरा सौम्य सांगता आलं असतं. तू म्हणालीस, “सौम्य आकडा कसा असतो, मला माहीत नाही.” त्यानंतर कुंपणावर लिंबं आली नाहीत. गॅरेजचं दार बंद असायचं आणि तू परत खिडकीपाशी बसायला लागलीस, पण आता त्या दाराकडे बघत.

मग ती सकाळ. मी हॉस्पिटलला निघण्याच्या घाईत आहे, तू कुकर उतरवला आहेस, भात पुन्हा गिच्च. हातात डाव तसाच धरून तू उभी. मग टेबलावरून दोन्ही कागद घेतलेस, तू काढलेली रेघ आणि यंत्राने काढलेली, आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उजेडाला धरलेस. मला म्हणालीस, “बघ.” मी पाहिलं. दोन्ही रेघा अगदी सारख्या, फक्त यंत्राची रेघ तुझ्या रेघेच्या बोटभर वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आत कुणी हात घातला असता तर रेघ एका जागी फुगली असती, दुसरीकडे खचली असती, तू म्हणालीस. ही सगळीकडून सारखीच उचललीय. इंजिन तेच आहे, हवा दुसरी आहे. मग तू विचारलंस इथून समुद्र किती लांब. मी म्हटलं, गाडीने दहा मिनिटं.

“पुणं अठराशे फूट उंच,” तू म्हणालीस. “तिथली हवा पातळ, इंजिनाची ताकद तेवढी कमी भरते. जन्मभर प्रत्येक इंजिनामागे मी हवेचे सहा टक्के कापत आले. इथं समुद्राच्या काठाला बसूनही कापले. हाताची सवय.” मी गमतीने विचारलं, मग भाताचंही तेच का? तू माझ्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं पाहिलंस. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काही सांगता येत नाही, तांदूळही वेगळा आहे, म्हणालीस. एवढ्या महिन्यांनी माझा तांदूळ तू मान्य केलास, तोही अशा वेळी.

मी म्हटलं, संध्याकाळी जाऊन त्याला एकट्याला सांगू. तू नाही म्हणालीस. बोलले सगळ्यांसमोर, परत घेईन तेही सगळ्यांसमोर. रविवारपर्यंत तू थांबलीस. क्लबाच्या गाड्या समोर लागलेल्या पाहून तू साडीच्या निऱ्या ठीक केल्यास आणि रस्ता ओलांडलास, मी मागून. गॅरेजमधलं बोलणं थांबलं. तू मधोमध उभी राहिलीस, मास्तरांसमोर पाठांतर म्हणायला उभं राहावं तशी ताठ.

“आय वॉज राँग,” तू म्हणालीस.

घरात तू कधी चुकली नव्हतीस, निदान तसं आम्ही ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये मी मोठमोठे डॉक्टर पाहिले होते, चूक निघाली की आवाज खाली जायचा, वाक्यं लांब व्हायची, कर्ता नाहीसा व्हायचा. तुझं वाक्य तीन शब्दांचं होतं आणि त्यात पहिला शब्द तूच होतीस. मग तू पुण्याची हवा समजावलीस. निम्म्यांना कळली असेल नसेल. म्हाताऱ्याने विचारलं, म्हणजे त्याने हात लावला नव्हता? तू म्हणालीस, “कुणीच नाही. तुझा भाऊ खरं बोलला.” आणि लगेच पुढे, “पावणेचारशे मात्र शक्य नाही.” सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता मागच्या दाराने लिंबाच्या झाडाकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ लिंबं तोडत राहिला. मला तुझा अभिमान वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल, अभिमान आपल्या बरोबरीच्या माणसांचा वाटतो. मी नुसती तुझ्याकडे बघत होते.

तू पुण्याला परत गेलीस, तिथेच वारलीस, त्यालाही आता फार वर्षं झाली. म्हातारा नव्वदीच्या पुढे आहे, वृद्धाश्रमात असतो, मी अधूनमधून जाते. मागच्या आठवड्यात त्याने माझा हात धरला आणि विचारलं, तुझी आई माझं मन राखायला तर तसं म्हणाली नव्हती ना? मी मोठ्याने हसले. म्हटलं, कुणाचं मन राखायला माझ्या आईने कधी एक आकडासुद्धा वाकवला नाही. त्याचं समाधान झालं, डोळे मिटून घेतले. पार्किंगमध्ये येऊन बसले आणि मला गाडी सुरू करता येईना. त्या बंद दाराकडे बघत बसलेली तू मला दिसत होतीस, आणि ते दार उघडावं म्हणून तर तू हवेचं काढलं नसशील ना, असं मनात आलं. मी स्वतः किती जणांच्या खाटेशी बसून किती आकडे सौम्य केले आहेत, हेही आठवत होतं.

ट्रुगानिनात आपल्याकडचा एक मुलगा राहतो, इंजिनांवरच काम करतो. त्याला मी पुस्तकातला आकडा दिला, तुझा आकडा दिला, पुण्याची उंची दिली, यंत्राचा आकडा दिला. कशासाठी ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, मावशी, बरोबर जुळतंय, कुणी काढलंय हे? माझ्या आईने, मी म्हटलं, आणि फोन ठेवला. म्हाताऱ्याला मी हे सांगितलेलं नाही, सांगायचं तर आधी मला शंका आली हे सांगावं लागेल. तुलाही सांगितलं नसतं, पण हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. शंका ही मोठी गोष्ट नव्हे, शंका तुला चाललीच असती. पण तो फोन वाजला तेव्हा, आई, उत्तर चूक निघावं असं मला वाटत होतं.