चौकशी मीच मागून घेतली

तीर्थरूप आत्या,

तुला आणि आतोबांना साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? मी खुशाल आहे, म्हणजे ताप वगैरे नाही; फक्त घास उतरत नाही आणि डोळा लागत नाही.

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलोय हे तुला ठाऊक आहेच, पण अजून कायम केलेलं नाही. आम्ही लोकांच्या इमारतींत जाणार, म्हणून माणूस कसा आहे याची आधी चौकशी करतात. करा बापडे! पण मालकांनी मला न विचारताच माझ्या घरमालकिणीला फोन केला. (ती फक्त मी नळ चालू ठेवतो एवढंच म्हणाली, तरी अब्रू ती अब्रूच.) हे मला सांगितलं ऑफिसातल्या मॅडमनी. त्या नेमणुकांचं बघतात. वयाने माझ्याएवढ्याच. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या फायलीला दोरी बांधायला लागल्या की माझ्या हातून पाना निसटतो, एवढंच. त्या हळूच म्हणाल्या, "आधी तुम्हाला सांगून लेखी संमती घ्यायला हवी होती. आणि काही वाईट निघालं तर नाही म्हणण्याआधी ते तुम्हाला दाखवून तुमचं म्हणणं ऐकायला हवं. कायदाच आहे. पण मी बोलले असं कुठे बोलू नका हं."

आत्या, मला तू ओळखतेस. मी तडक मालकांच्या खोलीत शिरलो, टेबलावर हात आपटला आणि पहिलंच वाक्य बोललो, "मॅडम म्हणतात, हे बेकायदेशीर आहे!"

मालकांनी चष्मा काढला आणि मॅडमना आत बोलावलं. मला वाटलं, माझं काम तर गेलंच, पण त्या बिचारीचंही गेलं. पण ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. चुकलंच माझं. आता रीतसर करू. मॅडम, याची संमती घ्या आणि सगळी चौकशी तुम्हीच करा. कसून!"

मी सही केली. (मॅडमनी कागद पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून बोलतही नाहीत.) आता त्या माझ्या कॉलेजात फोन करणार. तिथे मी सरांशी वाद घालून वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही, हे सर चवीने सांगणार. म्हणजे माझा स्वभाव मॅडमच्या सुंदर अक्षरात लिहिला जाणार! आणि वाईट निघालेलं मला दाखवायचंही त्यांनीच. समोर बसून त्या वाचणार, 'भयंकर तापट', आणि मी ते थंड डोक्याने खोडून काढायचं. कसं जमेल, तूच सांग.

तुझाच भाचा

ता. क. तुझ्या शिवणकामाच्या दुकानात मी कामाला होतो, म्हणून तुलाही फोन येईल. खरं तेच सांग. त्या गिऱ्हाइकाशी भांडलो हेही सांग, पण चूक त्याचीच होती हे आधी सांग.

आणखी ता. क. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मॅडमना चौकशीत कामापुरतंच विचारता येतं, लग्नाबिग्नाचं नाही. त्यांची स्वतःचीही फाइल कपाटात आहे, पण ती दुसऱ्याला दाखवत नाहीत. (मी मागितली, तर मालकांचा ओरडा खाल्ला.) तुला मात्र यातला कुठलाच कायदा लागू नाही. तेव्हा त्यांचं विचारून झालं की सहज म्हण, "घरी कोण कोण असतं गं, बाळ?" आई-बाबा म्हणाल्या, तर मी फार गुणी आहे. 'मिस्टर' म्हणाल्या, तर माझ्याबद्दल तोंडाला येईल ते वाईट सांग. मग मला या कंपनीत कायम व्हायचं नाही.