छापण्याआधी लखमीला विचार

प्रिय काका,

पुस्तक आलं! टपालाने, खाकी कागदात, लेखकाच्या दहा प्रती. पहिली प्रत कुंपणापलीकडे काकूंना दिली. त्यांनी पदराला हात पुसून ती घेतली नि म्हणाल्या, "ह्यांना कोण सांगणार आता?" म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ही बातमी मीच द्यायला हवी.

आपला जिल्हा नवा झाला त्या वर्षी माझी बदली तलासरीकडच्या पाड्यावरच्या शाळेत झाली. तिथल्या मुलांच्या आया, त्यांची बोलणी, त्यांची भांडणं मी वह्यांत लिहीत गेले. आणि इथे आपल्या मसोली गावात शेजारीच तुमच्यासारखा माणूस! सगळी नोकरी मुंबईच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली, आणि निवृत्तीनंतर चिकूच्या वाडीत. मी फाइल आणून दिली आणि 'छान आहे' ऐकायला थांबले.

"पहिली चाळीस पानं काढ," तुम्ही म्हणालात. "तू शाळेत पोचतेस एकेचाळिसाव्या पानावर. तोवर नुसतं सामान बांधतेयस."

किती राग आला होता! पण काढली.

आठवतं, तुम्हाला न विचारता मी पहिलं हस्तलिखित कुणाला पाठवलं होतं? स्पर्धा परीक्षांची गाइडं छापणाऱ्याला! तुम्ही हसता हसता खोकायला लागलात. मग नीट समजावलंत. ज्याची पुस्तकं आपण वाचली आहेत, त्यालाच पाठवायचं. सोबतचं पत्र एका पानाचं. पुस्तक कशाबद्दल, केवढं, आणि ते मीच का लिहिलं, एवढंच. एक प्रत कायम घरात. आणि पाठवण्याआधी सगळं मोठ्याने वाचायचं, कारण डोळे चुका माफ करतात, कान करत नाहीत.

मग एका संध्याकाळी तुम्ही फाइल मिटून विचारलंत, "ही लखमी खरी आहे?"

"हो. माझ्या वर्गातल्या मुलीची आई."

"नावही खरं? मग तिला विचारलंस?"

"काका, तिला वाचता येत नाही."

"मग तर विचारायलाच हवं."

चार दिवस मी तुमच्याकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर लखमीच्या अंगणात गेले. ती भात पाखडत होती. मी वाचत गेले, ती ऐकत गेली. आमच्या पहिल्या भेटीत ती लाजली असं मी लिहिलं होतं. तिथे ती खळखळून हसली. "मी कुठं लाजले? तूच घाबरली होतीस, बाई!"

मग तिच्या तापाने गेलेल्या धाकट्या मुलाचं प्रकरण आलं. सूप थांबलं. मी संपवल्यावर तिने ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे नको छापू. ते माझ्याकडंच राहू दे."

काका, ते माझं सर्वांत चांगलं प्रकरण होतं! तुम्ही काहीतरी वाट काढाल या आशेने मी धावत आले. नाव बदललं तर?

"नाव बदललंस तरी दुःख तिचंच," तुम्ही म्हणालात. "काढ."

तेव्हा एका प्रकाशकाचा जवळजवळ होकार आला होता. हे प्रकरण काढतेय असं कळवलं, तसा त्यांचा फोन आला. "मॅडम, पुस्तकाचा जीव त्याच प्रकरणात आहे. ते नसेल तर कठीण आहे." मी नाही म्हटलं. हस्तलिखित परत आलं, तेव्हा तुम्ही एक चिकू सोलून पुढे केलात.

एक तक्रार आहे. त्याच दिवसांत तुम्ही 'वापीला नातेवाइकांकडे' जात होतात ना? कसले नातेवाईक! तिथल्या दवाखान्यात तुमच्या तपासण्या चालल्या होत्या. काकूंनी नंतर सांगितलं, तुम्ही त्यांना बजावलं होतंत, "तिला कळवू नकोस, लिहायची थांबेल." असं करतात का कुणी? मी थांबले असते, हे खरं. पण तुमच्याजवळ येऊन बसले असते!

तुम्ही गेल्यावर सहा महिने मी वही उघडली नाही. मग काकूंनीच तुमच्याकडे राहिलेली फाइल आणून दिली. शेवटच्या पानावर तुमचं बारीक अक्षर होतं : 'लखमीचं हसणं मागे दडलंय. तिथून सुरू कर.'

तिथून सुरू केलं. एका छोट्या प्रकाशकाला पाठवलं. तीन महिने वाट पाहिली, मग विचारणा करणारं एकच साधं पत्र टाकलं. होकार आला! करार वाचायला दोन दिवस मागून घेतले. भाषांतराचे हक्क कुणाकडे, किती वर्षांसाठी, छापलेल्या प्रती संपल्यावर पुढे काय, सगळं विचारलं. वाटलं, चिडतील. उलट म्हणाले, "बरं झालं विचारलंत," आणि एक कलम बदलूनही दिलं.

काल पाड्यावर गेले. लखमीची मुलगी आता सातवीत आहे. तिने अंगणात उभं राहून आईचं प्रकरण खणखणीत वाचलं. आजूबाजूच्या बायका जमल्या. लखमी मान ताठ ठेवून ऐकत होती. शेजारीण काही विचारायला लागली, तशी तिने तिला हाताने गप्प केलं. "थांब, पुढं ऐक. हे मी सांगितलंय."

मी सांगितलंय! काका, मुखपृष्ठावर माझं नाव आहे, पण त्याचाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तलासरीच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाईही तिथे होत्या. निघताना त्यांनी पिशवीतून जाडजूड वही काढली. "मीपण लिहिलंय काहीबाही. वाचाल?" वही आता माझ्या टेबलावर आहे.

वचन देते, शब्द न् शब्द वाचेन. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलून त्यांना एकटं सोडणारही नाही.

तुमची,
कुंपणापलीकडची मीनल