पाळण्याची लाल पट्टी

ती. ताईस,

गुडघ्यात जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण आडवं व्हायला खोलीत मोकळी जमीन राहिलेली नाही. का, ते पुढे येईलच.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून ‘धुळीचा आहे, धुळीचा आहे’ म्हणत खोकताहेत? तुमच्या चौथ्या मजल्यावर पाणी नीट चढतं ना? इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. तुझ्या भावजयीला आठवा लागला. पाय सुजतात, पण चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या नाकावर फ्रेमा ठेवून बघणं तिने सोडलेलं नाही. बाबाही ठीक आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी बाळाच्या सामानाचं लिहितो, कारण खोलीत आता एक तर बाळाचा पाळणा मावतो नाही तर बाबांचा पलंग, अशी वेळ आली आहे, आणि ती सामानापासूनच आली.

तू आमची खोली पाहिली आहेस. एकच खोली, तिच्याच एका अंगाला ओटा, मागे न्हाणी, आणि दाराबाहेर सगळ्या मजल्याचा मिळून एक लांब व्हरांडा. गेल्या महिन्यात आम्ही दोघं ‘अगदी लागेल तेवढंच घ्यायचं’ असं घरून ठरवून बाळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी आम्हाला बसवलं आणि गार पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पहिल्यांदा त्यांनी एक यंत्र दाखवलं. बाळ त्या खोलीत रडलं की या खोलीत ऐकू येतं म्हणे. आमच्याकडे ‘ती’ खोली नाही असं सांगितल्यावर बाईंनी मागच्या फळ्यांकडे बघितलं, आणि मला वाटलं आता एखादी खोलीही काढून दाखवतात की काय. (आम्हाला भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं बाळ रडलेलंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं, तेही फुकट.) मग पाण्यात सोडायचं एक बदक निघालं. पाणी फार गरम असलं की ते रंग बदलतं. तुझी भावजय म्हणाली, माझं कोपर हेच सांगतं आणि त्याला रंग बदलावा लागत नाही. मग बाबागाडी आली, जिचं आसन उचलून मोटारीत बसवता येतं. तुमची मोटार कुठली, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, घरात एक बस होती, पण वडील निवृत्त झाले त्या दिवशी डेपोत परत करून आले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी लंगोट बदलायचं टेबल दाखवायला घेतलं.

काही न घेता आलो खरे, पण बाहेर पडताना मन भरून गेलं होतं आणि खिसा होता तसाच होता. नाटकाच्या धंद्यात पैसे प्रयोग लागल्यावर मिळतात आणि आमचं नाटक अजून तालमीतच लोळतंय. तेव्हा एक-दोन मोठ्या वस्तू घेता येतील, त्याही चुकून चालणार नाहीत. आणि इथे माझ्यातला कारागीर जागा झाला. ताई, तुला माझं काम ठाऊक आहे. तालमीच्या हॉलमध्ये खरा सोफा, खरं दार, खरा जिना यांतलं काहीही नसतं. आम्ही नेपथ्यवाले जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारून त्यांच्या जागा आखतो आणि नटमंडळी महिनाभर त्या पट्ट्यांनाच घर समजून वावरतात. नसलेलं दार उघडतात, नसलेल्या उंबऱ्याला अडखळतात. म्हटलं, मग आपल्या घराने काय घोडं मारलंय? आधी पट्टी जाऊ दे, पैसा मागाहून जाईल. एका रविवारी मी खोली आखून काढली. बाबागाडीला पिवळी पट्टी, आंघोळीच्या टबाला निळी, टेबलाला हिरवी, आणि पाळण्याला लाल. (पाळणा म्हणजे झुलणारा नव्हे. चारी बाजूंनी कठडे असलेला लाकडी पलंगच तो, पण आम्ही पाळणाच म्हणतो.)

मग आम्ही त्या घरात राहायला लागलो. पहिल्याच दिवशी कपाट उघडताना कळलं की कपाटाचं दार बाबागाडीत जातंय. दार किती फिरतं हे मोजायचं विसरणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापून घेण्यासारखं आहे, आणि हे मी तुला विश्वासाने सांगतो आहे, भाऊजींना सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी तुझ्या भावजयीने हिरवं टेबल रद्द केलं. लंगोट मांडीवर बदलतात आणि मांडी मी कामावरून घरी घेऊनच येते, असं तिचं म्हणणं. निळ्या टबाची जागा ओट्याखालच्या बादलीने गिळली. बाबागाडी घडीची घ्यायची ठरली. लाल चौकोन मात्र राहिला, आणि तो इतका खरा झाला की आमच्या ‘वार्ताहर’ (वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्या इमारतीच्या बातम्या त्यांच्याकडून सुटतात) साखर मागायला आल्या आणि सरळ त्यातून चालत गेल्या, तेव्हा तुझी भावजय ओरडली, “अहो काकू, पाय पाळण्यात!” काकूंनी दचकून पाय उचलला, इकडेतिकडे बघितलं, आणि साखर न घेताच गेल्या. आता सगळ्या इमारतीत आमच्या घराला काहीतरी झालंय अशी वदंता आहे. कोणी साखर मागायला येत नाही, एवढा फायदा झाला.

तुझी भावजय येताजाता त्या चौकोनाला वळसा घालते. हातात गरम भांडं असलं तरी वळसा. मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, अजून न आलेल्या माणसाला घरात हक्काची जागा तर झाली. तुला आठवत असेल, आपण दोघं एका पांघरुणात झोपायचो आणि तू रात्रभर ते आपल्याकडे ओढायचीस. माझ्या बाळाला स्वतःची जागा असेल, हे मी तेव्हाच कधीतरी ठरवलं असावं.

आता अडचण. लाल पट्टी आखत आखत मी भिंतीकडे गेलो तेव्हा वाटेत बाबांचा पलंग आला. पाळणा त्याच्या पायथ्याकडून चांगला हातभर आत जात होता. आमच्यात अशी रीत आहे की आखताना पट्टी मध्येच तोडायची नाही. आड काही आलं तर त्याच्यावरून न्यायची, म्हणजे काय हलवायचं ते सगळ्यांना दिसतं. हात सवयीने चालला. पट्टी पलंगाच्या कडेवरून वर चढली, चादरीवरून आडवी गेली आणि पलीकडे उतरली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. झाल्यावर त्यांनी मान वाकडी करून एक डोळा मिटला आणि म्हणाले, “लाईन सरळ आली.” एवढंच. मीही पट्टीचं बंडल पिशवीत टाकलं आणि चहा ठेवला.

बाबांना लाईनीचं किती, हे तुला सांगायला नको. उभी हयात डेपोत दोन रेघांच्या मध्ये बस मागे घेऊन लावली, पण कधी चाक रेघेवर चढू दिलं नाही. इतर ड्रायव्हर मुद्दाम बघायला थांबायचे म्हणे. तर त्या रविवारनंतर एका दुपारी मी तालमीहून लवकर आलो. बाबा जेवून लवंडले होते. ताई, ते पाय पोटाशी घेऊन, अंगाचं मुटकुळं करून झोपले होते. पावलं पट्टीच्या अलीकडे, बरोबर वीतभर. झोपेतसुद्धा चाक रेघेवर नव्हतं. मी दारातच उभा राहिलो आणि मला फार वाईट वाटलं. पण बोललो नाही. बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

त्यानंतर मी पाळणा सगळीकडे लावून बघितला. खिडकीखाली वारा लागतो, ओट्याजवळ धग लागते, दाराजवळ ठेवला तर दार उघडत नाही. मी रंगमंचावर राजवाडा बसवला आहे, तुरुंग बसवला आहे, एकदा तर दोन्ही एकाच अंकात बसवले, पण या खोलीपुढे हात टेकले. शेवटी एक दिवस सहज विचारल्यासारखं करून बाबांना विचारलं, आमच्या वेळी तुम्ही काय काय घेतलं होतं? त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. मग म्हणाले, “काही नाही. तुझी आई होती.” यावर कुठल्या दुकानात काय मिळतं ते मला ठाऊक नाही.

असो. पत्र फार लांबलं. भाऊजींना नमस्कार. कंबरेला शेक घेत जा, आणि तो कंटाळा करून नको घेऊस, नीट घे.

तुझा,
खिळ्या
(बाप व्हायची वेळ आली तरी घरात हेच नाव चालतंय.)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. (राहिलं नाही, मी राहू दिलं.) बाबांना काही महिने तुझ्याकडे नेशील का? बाळ जरा मोठं होईपर्यंत. तुझ्याकडे लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे कसे आहेत हे मला कळतं. एकदा वर चढले की खाली उतरणं कठीण, आणि खालचा रस्ता, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघितल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, हेही कळतं. पण दुसरं काही सुचत नाही. मी त्यांच्याशी अजून बोललेलो नाही. तूच त्यांना ‘मला करमत नाही, या’ असं लिहिलंस तर बरं. तुला गरज आहे म्हटल्यावर ते येतील. आम्हाला अडचण होते म्हटलं तरीही येतील, पण ते मला बघवणार नाही.

ता. क. दुसरा. घरात पाकीट नव्हतं म्हणून पत्र काल टाकायचं राहिलं. ते बरं झालं. वरचं ता. क. तू वाचलंच नाहीस असं समज. (खोडलं असतं, पण मी काय लिहू शकतो ते तुला कळलेलं बरं.) आज सकाळी तुझी भावजय कामाला निघाली आणि दार उघडून तिथेच थांबली. व्हरांड्यात आमच्या दाराशेजारी, चपलांच्या फळीला लागून, पांढऱ्या पट्टीचा एक चौकोन आखलेला होता. लांबीला एक माणूस पाय पोटाशी घेऊन झोपेल एवढा. कोपरे काटकोनात, रेघ कुठे वाकडी नाही. बाबा आत चहा पीत होते. तिने विचारलं तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, “डेपोत जागा कमी पडली की जुनी गाडी बाहेर लावतात. नवीन गाडी उन्हापावसात ठेवत नाहीत.” पट्टी माझ्याच पिशवीतून घेतली होती, आणि उरलेलं बंडल पुन्हा जागेवर ठेवलं होतं.

तुझ्या भावजयीने पर्स खाली ठेवली. आठव्या महिन्यात जमिनीवर बसणं हा एक सोहळाच असतो, पण ती बसली. चष्म्याचे स्क्रू फिरवायचा तो बारका पेचकस पर्समधून काढला आणि लाल पट्टी खरवडायला लागली. मी म्हटलं, अगं, पाळणा? ती वर न बघता म्हणाली, “मला नकोच होता. तू एवढ्या हौसेने आखलास म्हणून मी वळसा घालत होते.” (म्हणजे महिनाभर आम्ही दोघं एकमेकांच्या पाळण्याला वळसे घालत होतो.) मग ती बाबांना म्हणाली, “बाबा, मला तान्ह्या बाळाचं काही येत नाही. ह्याला तर मुळीच येत नाही. या घरात ते फक्त तुम्हाला येतं, आणि तुम्ही बाहेर जाऊन झोपणार?” बाबांनी कप खाली ठेवला. ती रडत होती आणि खरवडत होती, आणि मी दोन्हीत उपयोगी पडत नव्हतो. शेवटी बाबा म्हणाले, पहाटेच्या पहिल्या गाडीच्या वेळेला मला अजून जाग येतेच. तेव्हा बाळ उठलं तर मी घेईन, तुम्ही दोघं झोपा. मी न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आलो.

व्हरांड्यातला पांढरा चौकोन काढलेला नाही. घडीची बाबागाडी तिथे अंगाबरोबर बसते, मी मापून बघितलं. तेव्हा आता मागणं एवढंच: तू लोकरीचे कपडे ठेवतेस ती वेताची टोपली रिकामी करून पाठव. सुरुवातीचे महिने बाळ तिच्यात झोपेल, बाबांच्या पलंगाशेजारी, त्यांचा हात पोचेल असं.

ता. क. शेवटचा. चादरीवरची पट्टी काढली, चादर धुतली, चिकटपणासुद्धा गेला. तरी आज दुपारी बाबा पाय पोटाशी घेऊनच झोपले. सवय झाली म्हणतात. मी सांगून बघितलं, तिनेही सांगितलं, ऐकत नाहीत. तुझ्या लहानपणापासून त्यांनी या घरात ऐकलं ते फक्त तुझं. टोपली उशिरा आली तरी चालेल, पण त्यांच्या नावाने एक वेगळं पत्र आजच टाक. त्यात बाकी काही लिहू नकोस. एवढंच लिही, की बाबा, पाय पसरून झोपा.