मशीन कुणालाही मिळणार नाही

दादास,
नमस्कार, तोही रागातच.

माझं शिलाईचं मशीन तू तुझ्या मेहुण्याला कबूल केलंस, असं वहिनीने कळवलं. मी अजून जिवंत आहे! मानेतली गाठ लिम्फोमाची आहे, कॅन्सरच. पण गोगलगायीच्या चालीचा. डॉक्टर औषधही देत नाहीत, दर तीन महिन्यांनी नुसती चाचपून बघतात. कालही म्हणाले, आहे तेवढीच आहे.

विश्वास नसेल तर माप लिहून घे. गळा साडेपंधरा इंच, वर्षभर तेवढाच. रोज दुकान उघडायच्या आधी मी टेप लावतो, श्वास रोखून, दोनदा.

आईला हे सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

मशीनवर सध्या तुझाच शर्ट आहे. गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये मी दोन बोटांची जागा सोडतो. तुझ्या कॉलरमध्ये एकाचीही सोडणार नाही.

तुझा, न मेलेला,
धाकटा